एकच वायर, पण नेट सगळ्यांच्या मोबाईलवर

मैत्रिणींनो, बऱ्याच ग्रामसंघांच्या कार्यालयात आता फायबरचं नेट आलंय. पण ते वायरने एकाच कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. बाकी ताया नोंदी भरायला स्वतःचा डेटा खर्च करतात, नाहीतर रेंजसाठी ओट्यावर जाऊन उभ्या राहतात. यासाठी दुसरं कनेक्शन घ्या, असं कोणी म्हटलं तर आधी हे वाचा.

भिंतीवरचा फायबरचा डबा उलटा करून बघा. खाली स्टिकरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असेल, तर त्याच डब्यात वायफाय आहे. फक्त चालू करून घ्यायचं. नसेल तर एक साधा वायफाय राऊटर पुरतो. कोणाच्या घरी जुना पडून असला तरी चालतो.

आता चूक कुठे होते ते सांगते, कारण ती मीच केली होती. डब्यातून आलेली वायर नव्या राऊटरच्या दिसेल त्या भोकात घातली. थोड्या वेळाने कॉम्प्युटरचं नेट गेलं, आणि दिवस नेमका हप्त्यांच्या नोंदींचा! कारण साधं होतं. नेटवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला डबा एक क्रमांक देतो. नवा राऊटरही तेच काम करायला लागला. एका गटात दोन सचिव एकाच वेळी पावत्या फाडायला बसल्या तर हिशोबाचं काय होईल? तसंच झालं.

म्हणून वायर लावण्याआधी नुसता राऊटर चालू करा. मोबाईल त्याच्या वायफायला जोडा, स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय दिसला तर तो निवडा. क्रमांक वाटायचं काम राऊटर आपोआप सोडून देतो. पर्याय नसेल तर 'डीएचसीपी' बंद करा आणि राऊटरचा स्वतःचा पत्ता डब्याच्या पत्त्यापेक्षा वेगळा ठेवा. मग डब्याच्या 'लॅन'मधून निघालेली वायर राऊटरच्याही 'लॅन'मध्येच घाला. 'वॅन' लिहिलेलं, बहुतेक वेगळ्या रंगाचं भोक या पद्धतीत रिकामंच राहतं.

पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. एक वायफायचा, दुसरा राऊटरच्या सेटिंगचा. दोन्ही बदला. सुरक्षेत 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' ठेवा. गटाचं नाव किंवा १२३४५६७८ नको; आणि पासवर्डची चिठ्ठी भिंतीवर तर मुळीच नको. आपण तिजोरीची चावी खुंटीला टांगतो का?

राऊटर उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याच्या आडोशाला लहरी अडतात, मातीच्या जाड भिंतीतही कमी होतात. यादीत दोन नावं दिसली तर पलीकडच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झचं बरं. ५ चं वेगवान, पण जवळच चालतं. बैठकीची खोली लांब असेल तर राऊटरच तिकडे न्या. साधी लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते.

काहीजणी विचारतात, मग हे नेट गावाला विकता येईल का? घरगुती कनेक्शनचा पासवर्ड विकणं बरोबर नाही. त्यासाठी 'पीएम-वाणी' ही वेगळी योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. जुन्या पीसीओसारखं, किराणा दुकानातूनही वायफाय देता येतं. दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी झालेल्या कंपनीशी जोडून घ्यावं लागतं. दुकान चालवणाऱ्या तायांनी याची चौकशी जरूर करावी.

आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागण्याआधीच डबा, राऊटर दोन्हींचे प्लग काढून ठेवा. दोन इमारतींमध्ये बाहेरून लॅन वायर ओढली असेल तर तीही सोडवा.