मिठागरातील कडू पाणी आणि पोटॅश

मीठ ओढून घेतल्यावर मिठागराच्या वाफ्यात उरणारे कडवट पाणी बहुधा खाडीत सोडून दिले जाते. उरण, पेण, वसई या भागांतील ग्रामस्थांना हे दृश्य अपरिचित नाही. शेतीस लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश मात्र देशाला परदेशांतून आणावे लागते.

हजार लिटर समुद्रजलात सुमारे २७ किलो मीठ असते, पोटॅशियम क्लोराइड जेमतेम पाऊण किलो. मीठ निघेपर्यंत ते पाणी आटून २५ ते ३० लिटरच उरते व हा पाऊण किलो त्यात दाटलेला असतो. सूर्याने अर्धेअधिक काम फुकट केलेले असते म्हणावयाचे!

अडचण सल्फेटची आहे. मृत समुद्राच्या पाण्यात ते नगण्य असल्याने तेथे पाणी आटविताच कार्नेलाइट, म्हणजे पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे दुहेरी क्लोराइड, हाती येते. आपल्याकडे मिश्र क्षार पडतात. भावनगर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने यावर मार्ग दाखविला आहे. सोडा ॲश कारखान्याच्या सांडपाण्यातील कॅल्शियम क्लोराइड मिसळले असता सल्फेट जिप्समच्या रूपाने तळाशी बसते. निवळ पुन्हा आटविल्यावर प्रथम उरलेसुरले मीठ व मग कार्नेलाइट मिळते. ते मोजक्या थंड पाण्याने धुतले की मॅग्नेशियम क्लोराइड विरघळून जाते, पोटॅशियम क्लोराइड मागे राहते. पाणी अधिक झाल्यास तेही वाहून जाते.

एकट्या आगरवाल्यास हा खटाटोप परवडणारा नाही. अनेक आगरांचे कडू पाणी एका तळ्यात साठविणे त्यासाठी आवश्यक ठरते. आणि तेही मेअखेरपूर्वी, कारण पहिल्याच पावसात ते पातळ होते.