पहिल्या झटक्याचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक वाड्यांवर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वर्ष पुरतं सरलं नाही तोच मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. आमचं गावचं घर याच पट्ट्यात. बॅटरीवरचा घरगुती इन्व्हर्टर चार-दोन तासांसाठी असतो, लांबलेल्या अंधारात तो पहिल्याच रात्री संपतो. आत्याचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पाणी विहिरीत आणि विजेचे खांब शेतात आडवे. तेव्हापासून हाताने उचलून नेता येईल असा, पेट्रोलवरचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर आमच्याकडे आहे. तो कधी कॅम्पिंगलाही येतो. कुठला घ्यावा असं नातेवाईक विचारतात, त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो.

१. दुकानाआधी कागद

अंधारात खरोखर काय चालायला हवं, ते लिहून काढा. एलईडी दिवा ९ वॅट, साधा पंखा ७५, बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास, वायफायचा राउटर १०, फ्रीज चालू असताना दीडशेच्या आगेमागे. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात असेल तर त्याचे साडेतीनशे धरा. एवढं सगळं मिळूनही बेरीज हजाराच्या आतच राहते. गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी ही मंडळी एकेकटी हजार ते दोन हजार वॅट खातात, त्यांच्यावर सरळ काट मारा. स्वयंपाकाला गॅस आहे, अंघोळीच्या पाण्याला बंब आहे. अख्खं घर नेहमीसारखं चालवायचा हट्ट धरला की यंत्र दुप्पट मोठं, दुप्पट जड आणि दुप्पट तहानलेलं होतं.

२. सुरू होतानाचा झटका

खरेदी फसते ती इथे. मोटर असलेलं कुठलंही उपकरण सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतं. दीडशे वॅटचा जुना फ्रीज कॉम्प्रेसर उठताना हजाराच्या आसपास जाऊ शकतो. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना पाचशे-सहाशे वॅट घेतो, पण पाण्याचा भार घेऊन उठताना त्याच्या तिप्पट मागतो. जनरेटरवर दोन आकडे असतात: सतत देता येईल तो आणि काही क्षणांपुरता देता येईल तो. खोक्यावर ठळक छापतात तो दुसरा. तुमची रोजची बेरीज पहिल्या आकड्यात बसली पाहिजे आणि सगळ्यात हट्टी मोटरचा झटका दुसऱ्यात. केव्हीए आणि किलोवॅट हेही एक समजू नका. वॅटचा आकडा वेगळा विचारून घ्या.

इलेक्ट्रिशियनकडे सुरुवातीचा झटका पकडणारा क्लॅम्पमीटर असेल तर त्याला घरी बोलवा आणि फ्रीज व पंप दोन्ही मोजून घ्या. अंदाजापेक्षा ते शंभर पटींनी बरं. नव्या फ्रीजमध्ये इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तो हळूहळू वेग घेतो, झटका जवळजवळ नसतोच. अशा घराला १ केव्हीएचं यंत्र पुरू शकतं. जुना फ्रीज आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप असेल तर २ केव्हीएच्या खाली जाऊ नका. एक अश्वशक्तीच्या पंपासाठी मात्र मोठा जनरेटर घेण्यापेक्षा लहान पंप बसवून टाकी सावकाश भरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी पंप एकटा, तो बंद झाला की फ्रीज, मग दिवे-पंखे. या यंत्रांना इको नावाचं बटण असतं, ते चालू असलं की इंजिन हळू फिरतं. मोटर सुरू करताना इको बंद ठेवा, ती लयीत आली की चालू करा. नाहीतर इंजिन वेग पकडायच्या आत ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि वीज तुटते.

३. याच जातीचा का

लग्नाच्या मांडवात धडधडणारा जुन्या पद्धतीचा लहान जनरेटर पन्नास हर्ट्झ राखण्यासाठी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर अडकलेला असतो, मग त्यावर एक दिवा असो की दहा. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनातून निघालेली वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिच्यापासून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची स्वच्छ वीज घडवतं. त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिनाला हळू फिरायची मुभा मिळते. आवाज कमी, पेट्रोल कमी. लॅपटॉप, वैद्यकीय उपकरणं आणि घरातला बॅटरीचा इन्व्हर्टरही ही वीज विनातक्रार घेतात.

४. लिटरमागे किती युनिट

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या होंडाच्या ईयू२२००आय या मॉडेलचे आकडे उदाहरणादाखल घेऊ. टाकी ३.६ लिटर, सतत क्षमता १,८०० वॅट. पूर्ण भाराला ते साधारण सव्वातीन तास चालतं, पाव भाराला आठ. गुणाकार केला तर पूर्ण भाराला लिटरमागे सुमारे १.६ युनिट मिळतं आणि पाव भाराला जेमतेम एक. महाराष्ट्रात पेट्रोल शंभरीपार आहे, म्हणजे ही वीज युनिटला पासष्ट ते शंभर रुपयांना पडते.

म्हणून चोवीस तास चालवू नका. दार उघडलं नाही तर फ्रीज चारेक तास थंडावा धरतो, आणि फ्रीझर गच्च भरलेला असेल तर तो त्याहून कितीतरी जास्त. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, यंत्र सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास चालवायचं आणि मधल्या वेळात त्यातल्या काही बाटल्या खालच्या कप्प्यात सरकवायच्या. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, ते गोठलं तर वाया जातं. म्हणून ते बर्फाला खेटून ठेवू नका. त्याच दोन-तीन तासांत पाण्याची टाकी भरून घ्या, मोबाइल आणि बॅटऱ्या चार्ज करा. दीडशे अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी मात्र एवढ्या वेळात भरत नाही, तिचा चार्जर मुळातच संथ असतो.

५. आवाज

माहितीपत्रकातला छोटा डेसिबलचा आकडा बहुधा पाव भाराचा आणि सात मीटरवरून मोजलेला असतो. पूर्ण भाराला तेच यंत्र आठ-दहा डेसिबलने चढतं, आणि दहा डेसिबलची वाढ कानाला दुप्पट वाटते. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर बंद, हा आमच्या घरचा नियम. आजूबाजूची घरं अंधारात असताना आपला आवाज फार लांबवर ऐकू जातो.

६. धूर

या मुद्द्यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस ‘थकवा आला’ म्हणून आडवा होतो. तिथून उठणं होत नाही. यंत्राचा आवाज मंद म्हणून त्याचा धूर सौम्य, असं अजिबात नाही.

पडवीत नाही, जिन्याखाली नाही, गॅलरीत नाही, खिडकी उघडी ठेवून खोलीत तर नाहीच. घरापासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नसेल असं आणि वाऱ्याची दिशा पाहून. कोकणातल्या पावसात यंत्र आत ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यावर उपाय एकच, चारही बाजू मोकळ्या ठेवून चार बांबूंवर उंच पत्रा. तंबूच्या बाबतीतही हेच अंतर. झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा.

७. खांबावरचा माणूस

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडणारे लोक आहेत. मेन चालू राहिला तर ती वीज मीटरमधून बाहेर पडते, ट्रान्सफॉर्मरला उलट्या बाजूने पोचते आणि हजारो व्होल्ट होऊन लाइनवर उभी राहते. निसर्गनंतर महावितरणची माणसं दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन इथे चिखलात राबत होती. आमच्याकडे आलेला वायरमन खांबावर चढण्याआधी प्रत्येक घरापुढे उभा राहून विचारत होता, “काका, जनरेटर हाय का? मेन पाडलाय ना?” त्याला असं विचारावं लागणं हीच मला शरमेची गोष्ट वाटते.

चेंजओव्हर स्विच बसवा. एका वेळी एक तर महावितरण, नाहीतर जनरेटर. दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. तो बसेपर्यंत जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि फ्रीज थेट त्याला लावा. बहुतेक छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो, त्यामुळे टेस्टर दोन्ही तारांवर पेटू शकतो आणि घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, अपेक्षेप्रमाणे काम करेलच असं नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनच करेल.

८. पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते बहुतांशी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. परदेशातून आलेल्या कित्येक यंत्रांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांचीच परवानगी असते, तेव्हा विकत घेण्याआधी ते पान उघडून वाचा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर धरतं. वादळाच्या दिवशी जे यंत्र सुरूच होत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं. महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या.

वादळानंतर पेट्रोलपंपालाही वीज नसते. इशारा आला की त्याच दिवशी धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून घ्यावं. स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय एकूण तीस लिटरपर्यंतच ठेवता येतं. घरात दहा पुरेत, तेही स्वयंपाकघरापासून लांब. गरम इंजिनात कधीही ओतू नका.

९. तंबूकडे

कॅम्पिंगला वजन आधी बघा. १ केव्हीएचं यंत्र तेरा किलोच्या आसपास, २ केव्हीएचं वीस-एकवीस. दोन छोटी यंत्रं जोडणारी पॅरलल केबल मिळते. घर आणि तंबू दोन्ही सांभाळायचे असतील तर हा पर्याय मला मनापासून आवडतो. उंचीवर हवा विरळ होते आणि दर तीनशे मीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास ताकद घटते. भंडारदऱ्याला हे जाणवत नाही, पण लडाखमध्ये पँगाँगच्या काठी तेच यंत्र जवळपास निम्मं उरतं.

पवनेच्या काठी गाडी जाते तिथे जनरेटर ठीक आहे. पण मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याच्या बाजूला जाताना तो घरी ठेवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि काजव्यांना अंधार लागतो. तिथे दोन मोबाइल आणि एका मंद दिव्यासाठी लिथियम बॅटरीचा पॉवर स्टेशनचा छोटा डबा भरपूर होतो. वजनाने हलका, आवाज नाही, धूर नाही.

१०. दुकानात

स्वतःच्या घरचा मिक्सर बरोबर न्या आणि इको बंद करून यंत्रावर लावून दाखवायला सांगा. जवळच्या तालुक्याच्या गावी कार्ब्युरेटर आणि दोरीच्या स्टार्टरचे भाग मिळतात का, ते विचारा. मिळत नसतील तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. तेल कमी झालं की बंद पडण्याची सोय हवीच. पहिलं तेल वीसेक तासांनी बदला. जादा स्पार्क प्लग आणि तेलाची बाटली यंत्राच्या पिशवीतच असू दे. घरात जो माणूस सगळ्यात कमी ताकदीचा आहे, त्याला दोरी ओढून बघायला लावा. आमच्याकडे ते काम आत्याने केलं, आणि तिला जमलं तेच यंत्र आम्ही घेतलं.