सूर्यावर आधी, पृथ्वीवर मागाहून

हेलियम वायूचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला, असे आपण पुष्कळदा ऐकतो. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तेथून ग्रहण पाहिले म्हणून किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ही दाखविले जातात. कोकणाविषयी आम्हांस ममत्व आहे. तथापि या हकीकतीत दोन निरनिराळ्या ग्रहणांची सरमिसळ झाली आहे, हे सांगणे भाग आहे.

पहिले खग्रास ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे. त्याचा पट्टा कोकणापासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणम् येथे आणि विख्यात हर्शेल घराण्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीस वेध घेण्यास सज्ज होते. जमखंडी म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. बेळगावकडील वाचकांस ती परकी नाही. दिवस पावसाळ्याचे. ढग वारंवार आडवे येत होते. तरीही हर्शेल यांना सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्याच.

या रेषांचे महत्त्व ते काय? मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की ज्योत पिवळी होते, ही सोडियमची खूण होय. तप्त वायुरूपातील प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेषा ठरलेल्या असतात, हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले होते. सूर्यज्वालांतील पिवळी रेषाही प्रथम सोडियमचीच वाटली, यात नवल नाही.

जान्सेन यांची खरी कामगिरी निराळी आहे. इतक्या तेजस्वी रेषा ग्रहणावाचूनही दिसाव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्या! तिकडे लॉकियर यांनी इंग्लंडमध्येच राहून, स्वतंत्रपणे, २० ऑक्टोबरला तीच युक्ती साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली.

पुढे लॉकियर यांनी बारकाईने मोजले, तेव्हा पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेपासून किंचित बाजूला भरली. ज्ञात असलेल्या कोणत्याही द्रव्याशी ती जुळेना. तेव्हा सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हे नाव आले. रसायनशास्त्रज्ञांना मात्र ते पटेना; हाती न लागलेले मूलद्रव्य केवळ एका रेषेवरून कसे मानावे? अखेर १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से यांनी युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून वायू काढला. त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा झळकली. सत्तावीस वर्षे गेली होती.

आणि विजयदुर्ग? लॉकियर तेथे आले होते, हे खरेच आहे. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे होत आली होती.