शंका-समाधान : पावसात गळ टाकताना अंगावर काय असावे?

मृग लागला की वऱ्हाडातल्या धरणांच्या काठी आणि नद्यांच्या डोहांवर गळ घेऊन बसणारे वाढतात. या सदराकडे रेनकोटविषयीची पत्रेही त्याच सुमारास येऊ लागतात. या वेळी मासेमारी करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे एकत्र घेतली आहेत. कापड आणि शिलाई हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. प्रकृतीचा प्रश्न आला तिथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

‘मी नोकरदार माणूस. रविवारी अप्पर वर्धा धरणाच्या काठी गळ टाकून बसतो. यंदा पोटाला चिमटा काढून साडेचार हजारांचे जाकीट मागवले. लेबलवर ‘वॉटरप्रूफ 10,000’ आणि ‘ब्रीदेबल’ असे छापले आहे. पहिल्याच पावसात तासाभरात आतला शर्ट चिंब! बायको म्हणते, फसलात. परत करायची मुदत चार दिवसांनी संपते. काय करू?’ (मोर्शी)

चार दिवस पुरेसे आहेत. आधी पाणी बाहेरून आले की आतूनच सुटले, हे ठरवू. जाकीट पूर्ण वाळवा, आत रद्दी पेपर ठासून भरा, चेन आणि टोपी बंद करून हँगरला टांगा. मग दहा मिनिटे वरून मगाने पाणी ओतत राहा. खांदे, काखा आणि टोपीचा जोड यांवर जास्त ओता. नंतर पेपर बाहेर काढून पाहा. खांद्याच्या किंवा काखेच्या शिलाईखाली ओल्या रेघा दिसल्या, तर माल सदोष आहे. फोटो काढून लगेच परत पाठवा. विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पेपर कोरडा निघाला, तर शर्ट तुमच्याच घामाने भिजला. तसे असेल तर तुम्ही फसलेला नाहीत.

लेबलवरचा 10,000 हा आकडा जलस्तंभाचा (कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केल्यास किती मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही, याचे माप) आहे. दहा हजार म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब. काठावर बसणाऱ्याला तो भरपूर झाला, निम्म्या मापावरही काम भागते. पण हे माप कापडाचे असते, जाकिटाचे नसते. सुईने कापडाला हजारो भोके पाडलेली असतात. ती बुजवायला आतून सीम टेप (शिलाईवर चिकटवलेली जलरोधक पट्टी) लावावी लागते. स्वस्त मालात ती फक्त खांद्याला लावतात, काखेला आणि खिशाला तशीच सोडून देतात. म्हणून जाकीट घेताना लेबल वाचण्याआधी ते उलटे करून प्रत्येक शिलाईवरून बोट फिरवावे.

‘ब्रीदेबल’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेत निराशा इथेच पदरी पडते. अशा कापडातून घामाची वाफ बाहेर जाते हे खरे आहे. पण ती जाते बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असेल तर. ही जाकिटे मुळात थंड मुलखांसाठी तयार झाली. श्रावणात मोर्शीला हवा दमट आणि उबदार असते, वाफेला जायला जागाच राहत नाही. पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटते, तसे जाकिटाच्या अस्तराला सुटते. त्यातून वर्षभराच्या वापराने बाहेरचे कापड पाणी शोषू लागले, की उरलासुरला मार्गही बंद होतो.

तेव्हा आपल्याकडे ‘ब्रीदेबल’साठी जास्तीचे दोन हजार मोजण्यापेक्षा काखेत चेन आणि पाठीवर झडप असलेले, अंगाला सैल जाकीट घ्यावे. वारा आत खेळला की निम्मा त्रास जातो. मनगट मात्र घट्ट बंद होणारे हवे. गळ फेकताना हात वर जातो, बाहीवरचे पाणी मनगटातून थेट कोपरापर्यंत उतरते आणि तिथून काखेत. बाहीच्या आत रबरी किंवा लवचीक कफ असेल तर हे थांबते. टोपीला पुढे कडक पट्टी हवी आणि मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर गळाच्या तरंड्याकडे पाहायला सगळे अंग फिरवावे लागते. कापसाच्या मुलखात हे लिहिताना जड जाते, पण जाकिटाच्या आत सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवते. पातळ पॉलिएस्टरची खेळाडूंची जर्सी लवकर वाळते.

‘माहा पोरगा महानच्या धरणावर मच्छ्या मारायले जाते. इज कडाडली तरी घरी येत नाई. म्हणते, आई, अंगात रबराचा रेनकोट हाये, पायात गमबूट हाये, रबरातून करंट जात नाई. गेल्या साली आमच्या शिवारात दोन बकऱ्या इजेनं मेल्या. माहा जीव थाऱ्यावर रायत नाई. रबरानं खरंच वाचते काय? तुमीच त्याले समजावून सांगजा.’ (बार्शीटाकळी)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. हे उत्तर मुलालाही वाचून दाखवा. घरातल्या विजेचा धक्का रबरी चप्पल काही वेळा अडवते, म्हणून त्याचा असा समज झाला असावा. पण आकाशातली वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली येते. तिच्यापुढे बोटभर जाडीच्या रबराची काही मात्रा चालत नाही. रेनकोटने विजेपासून संरक्षण मिळत नाही, गमबुटानेही नाही. आजकालच्या रीळवाल्या काठ्या बहुधा कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. मोकळ्या पाण्याकाठी अशी लांब काठी उभी धरणे ही सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे.

वीज चमकल्यापासून तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काठी आडवी ठेवून निघायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचे नाही. आसरा पक्क्या घराचा किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीचा घ्यावा. चारचाकीत माणूस वाचतो तो तिच्या लोखंडी कवचामुळे, टायरच्या रबरामुळे नव्हे. एकट्या उंच झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे मोफत ॲप काढले आहे. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजांची सूचना ते देते. मुलाच्या फोनमध्ये ते आजच घाला. कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करून 108 ला फोन करावा. माणूस उठून बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात दाखवलेच पाहिजे, कारण हृदयाचा त्रास नंतरही उद्भवतो.

महानचा जलाशय काटेपूर्णा अभयारण्याला लागून आहे, हेही त्याच्या कानावर घाला. धरणांतली मासेमारी सहसा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. वनखाते आणि संस्था या दोघांना विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये.

‘आमचा पिढीजात भोयांचा धंदा. आमचे हे नावेतून जाळे टाकतात. लांब रेनकोट पायात येतो. लोक म्हणतात, पाण्यात पडले की रेनकोटात पाणी भरते आणि माणूस सरळ तळाला जातो. झुंजला झाले ते आठवले की पावसाळाभर मला झोप लागत नाही. लाइफ जॅकेट घरात आहे, ते रेनकोटच्या आत घालायचे की वर, यावरूनही वाद होतो.’ (वरुड तालुका)

14 सप्टेंबर 2021 रोजी झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. तुमच्या भागात ती आठवण कोण विसरेल? पण भीती कोणत्या गोष्टीची बाळगायची, तेवढे नीट पाहू. रेनकोटात भरलेल्या पाण्याला पाण्याच्या आत वजन नसते, त्यामुळे ते माणसाला खाली ओढत नाही. उलट पडल्यापडल्या कापडात अडकलेली हवा क्षणभर तरंगत ठेवते. गमबुटाचेही तसेच. धोका वेगळा आहे : लांब घोळ पायांना गुंडाळतो, हात मारणे जड होते, आणि नावेवर परत चढताना ते सगळे पाणी वजन होऊन लटकते. घाबरून धडपड केली की दम आधी संपतो. म्हणून नावेत लांब कोट किंवा अंगावरून टाकायची सैल बरसाती नको. कमरेपर्यंतचे जाकीट आणि वेगळी पँट असा दोन भागांचा संच घ्यावा. कमरेला लोंबत्या दोऱ्या नसाव्यात, त्या जाळ्यात अडकतात.

लाइफ जॅकेट नेहमी सगळ्यांत वर. ते आत घातले तर गरजेच्या वेळी पट्टे हाताला लागत नाहीत. हवा भरून फुगणाऱ्या प्रकाराचे असेल, तर बंद रेनकोटच्या आत फुगून ते छाती आवळते. रेनकोट चढवूनच पट्टे बेतावेत आणि घरच्या कोणीतरी खांद्याला धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर सैल आहे. शिलाई उसवलेले किंवा आतला फोम चेपून कडक झालेले लाइफ जॅकेट संस्थेकडून बदलून घ्या. नाव उलटलीच, तर तिला धरून राहावे, लाकडी नाव सहसा तरंगत राहते. काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये.

रंग नारिंगी किंवा पिवळा निवडा. खाकी आणि निळा पुराच्या गढूळ पाण्यात पन्नास पावलांवरूनही हरवतो. माझ्या मते कापडाच्या प्रतीपेक्षाही ही निवड मोठी आहे. धरणाची दारे उघडण्याचा इशारा आला की त्या दिवशी खालच्या पात्रात नाव टाकूच नये. यावर कोणतेही जाकीट उपाय नाही.

‘पूर्णेवर पावसात दोन-तीन दिवस मासे धरले. रेनकोट प्लास्टिकचा, वास उग्र. मानेला, मनगटाला लाल चट्टे उठले, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. परवापासून अंग कसकसते. रेनकोटच्या केमिकलचे विष तर अंगात भिनले नाही ना? कॅन्सरबद्दल कायकाय वाचले आहे. मेडिकलमधून मलम आणले आहे, लावू का?’ (दर्यापूर)

मलम थांबवा आणि आधी अंग का कसकसते ते पाहा, कारण तुमच्या पत्रात खरी काळजीची गोष्ट तीच आहे. पावसाळ्यात गवतात, झुडपांत वावरणाऱ्यांना स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक चिगर किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) होऊ शकतो. 2018 मध्ये विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. काख, जांघ, कमरेचा पट्टा, गुडघ्यामागची बाजू नीट तपासा. चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवा. ती दिसली नाही तरीही जावेच लागेल. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यात ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे दिसते. दोन्ही आजारांवर साधी आणि खात्रीची औषधे आहेत, फक्त ती वेळेत सुरू व्हावी लागतात. ताप असेल तर उद्यावर टाकू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात, किंवा अमरावतीला इर्विन रुग्णालयात जा, आणि ‘मी नदीत, गवतात होतो’ हे वाक्य न विचारता सांगा.

चट्ट्यांचे कारण बहुधा घाम आणि घासणे हे आहे. ओल्या प्लास्टिकची कड मानेवर दिवसभर फिरली की कातडी सोलवटते. काहींना रेनकोटातल्या रबराची किंवा रंगाची ॲलर्जीही असते. नवा उग्र वास प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांचा असतो. रेनकोट सावलीत चार दिवस उघडा टांगला की तो कमी होतो. दोन-तीन दिवस रेनकोट वापरल्याने विष भिनत नाही, कॅन्सरची भीती मनातून काढून टाका. मान आणि मनगटाला सुती रुमाल किंवा पट्टी लावून कड अंगापासून दूर ठेवा. चिखल्यांसाठी पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करणे हा अर्धा उपचार आहे. ओले गमबूट रात्री पेपर भरून उलटे ठेवा. न विचारता घेतलेल्या मलमांत बरेचदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी मात्र आतून पसरते. असे चिवट झालेले नायटे बरे व्हायला मग महिने लागतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच मलम लावा.

‘आठ वर्षांचे जाकीट पेटीतून काढले तर आतून चिकट झाले आहे, पांढरे पापुद्रे सुटतात. भावाची आठवण आहे, टाकवत नाही. कुठे दुरुस्त होईल का?’ (परतवाडा)

कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित होत जातो. एकदा चिकटपणा आला की तो लेप पुन्हा बसवता येत नाही. कोणी दुरुस्त करून देतो म्हटले तरी पैसे घालू नका. आठवण म्हणून ते जपायचे असेल, तर कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने सुटलेला लेप सगळा खरवडून काढा, उन्हाऐवजी सावलीत वाळवा. ते वाऱ्यासाठी वापरता येईल, पावसासाठी नाही. नवे घ्याल ते घडी करून पेटीत कोंबू नका. प्रत्येक वापरानंतर साध्या पाण्याने चिखल धुवा, कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नका आणि कोरडे झाल्यावर जाड हँगरला मोकळे टांगा.