संशोधनाचे मोजमाप आणि जामखेडचा अनुभव

वैद्यकीय संशोधकाच्या कार्याचे मोल ठरविण्याची एक रीत आज जगभर रूढ झाली आहे. त्याने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार किती वेळा घेतला, या दोन आकड्यांवरून त्याची योग्यता अजमावली जाते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या पदोन्नतीसही प्रसिद्ध शोधनिबंधांची अट असते. हे मोजमाप कसे होते आणि त्यातून काय निसटते, हे समजून घेण्यास अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण उद्बोधक आहे.

मोजमापाची पद्धत

शोधनिबंधाच्या शेवटी लेखक आपण आधार घेतलेल्या लेखनाची यादी देतो. या याद्या एकत्र करून कोणत्या निबंधाचा उल्लेख कोठे झाला, हे दाखविणारी सूची तयार करावी, अशी कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. १९६४ मध्ये ती ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने प्रत्यक्षात आली. एखाद्या विषयावरील विचार कोठून कोठे गेला, याचा माग काढणे हा तिचा मूळ हेतू होय. पुढे तिच्यावरून नियतकालिकांची आणि त्यानंतर व्यक्तींचीही प्रतवारी होऊ लागली.

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेला ‘एच-निर्देशांक’ हे त्याचे परिचित रूप आहे. समजा, एका संशोधकाचे पाच निबंध असून त्यांचे उल्लेख अनुक्रमे ४०, १२, ६, ३ आणि १ वेळा झाले आहेत. त्याच्या किमान तीन निबंधांना प्रत्येकी तीन किंवा अधिक उल्लेख लाभले. परंतु चार निबंधांना प्रत्येकी चार उल्लेख लाभलेले नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक ३. पहिल्या निबंधाचे उल्लेख ४० ऐवजी ४,००० झाले, तरी निर्देशांक ३ च राहील. एकाच मोठ्या कार्याचे वजन या आकड्यात उतरत नाही, ही त्याची उघड मर्यादा होय.

जामखेडचे लेखन

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथे झाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अवर्षणप्रवण अशा या तालुक्यात बालमृत्यू, कुपोषण, क्षय आणि कुष्ठरोग हे प्रश्न मोठे होते. गावानेच निवडलेली स्त्री प्रशिक्षित करून तिच्यावर प्राथमिक आरोग्यसेवेची जबाबदारी सोपविणे, हा प्रकल्पाचा गाभा होता. यांपैकी अनेक सेविका दलित कुटुंबांतील होत्या आणि अनेकींना प्रारंभी लिहिता-वाचता येत नव्हते.

या कार्याचा वृत्तांत आरोळे दांपत्याने लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांच्या संपादनाखाली १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चीन, क्यूबा, टांझानिया, ग्वाटेमाला आदी देशांतील प्रयोगांबरोबर जामखेडवरही एक प्रकरण आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आता येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली. त्या घोषणेमागील विचाराची पायाभरणी ज्या लेखनाने केली, त्यात या ग्रंथाची गणना होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. १९९४ मध्ये ‘जामखेड’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या यादीत ग्रंथातील प्रकरण आणि पुस्तक ठळकपणे दिसतात. उल्लेखांच्या सूचीचा मूळ पाया मात्र नियतकालिके हा होता. ग्रंथ, अहवाल आणि प्रादेशिक भाषांतील लेखन यांना तीत फारसे स्थान नव्हते. केवळ निर्देशांक पाहणाऱ्यास जामखेडचा खरा प्रभाव दिसणे म्हणूनच कठीण आहे. गावातील सामान्य स्त्री आरोग्यसेवा देऊ शकते, हा विचार २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्तीच्या रूपाने देशभर पोहोचला. ‘आशा’च्या कामात कोणत्याही निबंधाचा उल्लेख होत नाही, तरी तो विचार तेथे राबविला जात असतो.

दाव्याची पडताळणी

मात्र प्रभाव मोठा म्हणून दावा सिद्ध झाला, असे होत नाही. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये त्याच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पुढे हे प्रमाण झपाट्याने घटले. परंतु त्याच काळात इतरत्रही बालमृत्यू कमी होत होते. मग या घटीतील प्रकल्पाचा वाटा किती?

हा प्रश्न घेऊन संशोधकांच्या एका गटाने प्रकल्पाच्या गावांची त्याच परिसरातील इतर गावांशी तुलना केली. हा अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जात, जमीनधारणा इत्यादी फरक विचारात घेतल्यावर, एक महिना ते पाच वर्षे या वयोगटातील मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष त्या वयोगटापुरता आहे. १७६ वरून झालेल्या घटीच्या मानाने तो आकडा लहान वाटतो. पण तो तुलनेतून आलेला असल्याने अधिक भरवशाचा आहे. मूळ कार्य लिहून ठेवलेले होते आणि कोणत्या गावात ते झाले याची नोंद होती, म्हणूनच चार दशकांनंतर ही पडताळणी शक्य झाली.

घ्यावयाचा बोध

निबंधांच्या संख्येवर पदोन्नती अवलंबून राहिली, की संख्येसाठी लेखन सुरू होते. पैसे घेऊन पुरेशा तपासणीविना निबंध छापणारी नियतकालिके याच गरजेवर पोसली गेली. नियतकालिकाच्या प्रतिष्ठेवरून संशोधकाचे मोल ठरवू नये, असे सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्याने स्पष्ट केले आहे.

याचा अर्थ लेखन गौण आहे, असा नव्हे. आरोळे दांपत्याने लिहिले नसते, तर जामखेडचा अनुभव तालुक्याबाहेर फारसा गेला नसता. तालुक्याच्या रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरापाशीही सर्पदंश, रक्तक्षय, बाळंतपणातील गुंतागुंत यांचा मोठा अनुभव असतो. त्याची व्यवस्थित नोंद झाली नाही, तर त्या डॉक्टरच्या बदलीबरोबर तोही गावातून जातो. म्हणून कोणाही संशोधकाच्या कार्याची पारख करताना उल्लेखांची संख्या अवश्य पाहावी. परंतु त्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. केलेले काम इतरांस तपासता येईल अशा रीतीने लिहिले आहे काय? ते इतर कोणी उपयोगात आणले काय? आणि पुन्हा तपासले असता त्याचा किती अंश टिकला? जामखेडच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांना उत्तरे मिळतात.