विवरणपत्र चुकले की वर्षच गेले

प्रश्न : अमेरिकेत माझा स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय आहे. काही वर्षांचा सोशल सिक्युरिटीचा कर थकला आहे. ती वर्षे निवृत्तिवेतनात धरली जातील का?

उत्तर : कर थकला यापेक्षा विवरणपत्र भरले होते का, हे इथे महत्त्वाचे. नोकरदाराची मिळकत मालक कळवतो. मालकाने कापलेला कर गिळला, तरी पगाराचा पुरावा दाखवून नोंद करून घेता येते. स्वयंरोजगारात मात्र कळवणारे तुम्हीच. उत्पन्नाचे वर्ष संपल्यापासून ३ वर्षे, ३ महिने, १५ दिवसांत विवरणपत्र गेले नाही, तर ती कमाई सहसा तुमच्या नावावर चढत नाही. म्हणजे २०२२ ची मुदत १५ एप्रिल २०२६. त्यानंतर कर, व्याज, दंड सगळे भरूनही खात्यात शून्यच राहू शकते. निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते, त्यामुळे कमाईची इतर ३५ वर्षे नसतील, तर ते शून्य थेट सरासरीत बसते. पात्रतेसाठी लागणारे ४० क्रेडिट अपुरे पडले, तर भारतातल्या नोकरीची वर्षे जोडता येत नाहीत. तसा करार दोन्ही देशांत नाही.

मग विवरणपत्र भरून पैसे बुडवले तर? नोंद होईल, पण थकबाकीपोटी पुढे दरमहाच्या निवृत्तिवेतनातून १५ टक्क्यांपर्यंत वसुली होऊ शकते. ‘स्वयंरोजगार कराचे हेच १५.३ टक्के मी स्वतः गुंतवीन’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण याच नोंदींवर अपंगत्वाचे आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचे लाभही ठरतात, हे त्यात सोयीस्करपणे विसरले जाते. पैसे नसतील तर हप्ते मागा, विवरणपत्र मात्र आधी भरा.