दस्तरखानावरचे हक्क

जेवण ही वरकरणी पोटाची गोष्ट आहे. भूक लागते, माणूस जेवतो आणि उठतो. परंतु इस्लामने जेवणाकडे केवळ शरीराची गरज म्हणून पाहिलेले नाही. दस्तरखानावर बसलेल्या माणसाच्या शेजारी सोबती असतो, समोर यजमान असतो, मागे वाढणारा उभा असतो आणि ज्याला बोलावलेच गेले नाही असा एखादा शेजारीही त्याच गल्लीत राहत असतो. या प्रत्येकाचा आपल्यावर काही ना काही हक्क आहे. आपण ज्यांना जेवणाचे शिष्टाचार म्हणतो, ते वस्तुतः याच हक्कांचे पालन होय. जमिनीवर बसावे की टेबलापाशी, हाताने जेवावे की चमच्याने, हे स्थळकाळानुसार बदलते. हक्क मात्र बदलत नाहीत.

सोबत्याचा हक्क

माननीय उमर बिन अबू सलमा (रजि.) हे माननीय उम्मे सलमा (रजि.) यांचे पुत्र. लहानपणी ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी वाढले. जेवताना त्यांचा हात थाळीत चहूकडे फिरत असे. हे पाहून प्रेषितांनी (स.) त्यांना तीन गोष्टी शिकविल्या. अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने जेवावे आणि आपल्या समोरचे खावे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना आलेली आहे. या तीन गोष्टींचा क्रम विचार करण्याजोगा आहे. पहिलीत अन्नदात्या अल्लाहचे स्मरण आहे, दुसरीत स्वतःला लावावयाचे वळण आहे आणि तिसरीत सोबत्याचा हक्क आहे. माननीय उमर (रजि.) सांगतात की, तेव्हापासून त्यांची जेवणाची रीत तीच राहिली. मुलाला चारचौघांत न दटावता मायेने सांगितलेली गोष्ट जन्मभर टिकते, हा धडा आईवडिलांनीही यातून घ्यावा.

दुसरा प्रसंग दुष्काळाच्या काळातील आहे. लोकांना खजूर दिले जात आणि ते एकत्र बसून खात. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तेथून जाताना त्यांना बजावत की, सोबत्याची परवानगी घेतल्याविना दोन खजूर एकदम खाऊ नका, प्रेषितांनी (स.) यास मनाई केली आहे. खजूर लहान, पण शिकवण मोठी! आज आपल्या लग्नसमारंभांत बुफेची रांग असते. पुढचा माणूस मटणाचे तुकडे निवडून निवडून ताटात भरतो आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. पुढच्याने चोरी केलेली नसते. परंतु सोबत्याचा हक्क मात्र त्याने खाल्लेला असतो.

यजमानाचा हक्क

माननीय अबू शुऐब (रजि.) या अन्सारी सहाबींनी प्रेषितांसह (स.) पाच जणांना जेवणाचे आमंत्रण दिले. वाटेत आणखी एक गृहस्थ त्यांच्यासोबत आले. दारापाशी पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) यजमानाला ती गोष्ट सांगितली आणि त्या गृहस्थाला आत घ्यावे की नाही, हे सर्वस्वी यजमानावर सोपविले. अबू शुऐब (रजि.) यांनी आनंदाने परवानगी दिली. प्रेषितांनी (स.) एखाद्याला सोबत आणले तर कोणता यजमान नकार देणार होता? तरीही त्यांनी विचारले. आपण मात्र दोघांचे आमंत्रण असता पाच जण जातो आणि त्यालाच आपुलकी म्हणतो.

जेवणानंतर वेळेवर उठणे हाही यजमानाचाच हक्क आहे. माननीय जैनब बिन्ते जहश (रजि.) यांच्याशी प्रेषितांचा (स.) विवाह झाला, तेव्हा वलीम्याचे जेवण आटोपल्यावरही काही पाहुणे गप्पा मारीत बसून राहिले. प्रेषितांना (स.) त्याचा त्रास झाला, परंतु संकोचामुळे ते काही बोलले नाहीत. या प्रसंगी सूरह अल-अहजाबची 53 वी आयत अवतरली. आमंत्रण असेल तेव्हा जावे आणि जेवून झाल्यावर निघावे, ही शिकवण तिच्यात आहे. यजमान जे भिडेपोटी बोलू शकत नाही, ते ओळखणे ही पाहुण्याची जबाबदारी आहे.

तिसरी गोष्ट अन्नाला नावे न ठेवण्याची. माननीय अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी (स.) कधीही कोणत्याही अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले. एकदा माननीय मैमूना (रजि.) यांच्या घरी भाजलेली घोरपड वाढली गेली. प्रेषितांनी (स.) हात आखडता घेतला. ती निषिद्ध आहे काय, असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी नाही म्हटले. आपल्या प्रदेशात ती मिळत नसल्याने आपल्याला ती रुचत नाही, एवढेच सांगितले. माननीय खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तीच घोरपड प्रेषितांच्या (स.) देखत खाल्ली. स्वतः न खाणे, खाणाऱ्याला कमी न लेखणे आणि यजमानाचे मन न दुखविणे, या तिन्ही गोष्टी एकाच दस्तरखानावर साधता येतात, हे यावरून दिसते. शाकाहारी शेजारी किंवा सहकारी आपल्याकडे जेवायला येतो, तेव्हा त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक करणे आणि त्याला अवघडल्यासारखे न वाटू देणे, हे याच शिकवणीचे पालन होय.

वाढणाऱ्याचा हक्क

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याच कथनानुसार, सेवक जेवण घेऊन येईल तेव्हा त्याला आपल्यासोबत बसवावे आणि ते शक्य नसेल तर त्यातील एकदोन घास तरी त्याला द्यावेत, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. कारणही सांगितले, की चुलीची धग आणि स्वयंपाकाचे कष्ट त्यानेच सोसलेले असतात. आपल्या मेजवान्यांत वाढपी मुले रात्री अकरापर्यंत उपाशी धावत असतात. पाहुण्यांना घेऊन आलेला ड्रायव्हर हॉलबाहेर गाडीतच बसून राहतो. त्याला जेवायला बोलावण्याची आठवण कितीजणांना होते?

व्यवसायातील मेजवानी

व्यापारधंद्यात एकत्र जेवण्याचे प्रसंग येतातच. त्यात गैर काही नाही. एका ताटाने विश्वास वाढतो. तथापि दोन ठिकाणी सावध राहणे आवश्यक आहे.

पहिले ठिकाण मद्याचे. ज्या दस्तरखानावर मद्य फिरविले जाते, तेथे ईमानधारकाने बसू नये, अशी शिकवण तिर्मिजीतील हदीसमध्ये आहे. आपण स्वतः पीत नाही, एवढ्याने सुटका होत नाही. मात्र ऐनवेळी ताडकन उठून समोरच्याचा अपमान करण्यापेक्षा आधीच नम्रपणे सांगावे, दुपारच्या जेवणाची वेळ सुचवावी किंवा आपणच यजमान होऊन जागा ठरवावी. स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगितलेल्या तत्त्वाचा बहुतेक लोक आदरच करतात. एवढे करूनही सौदा गेला, तर तो जाऊ द्यावा. रोजी देणारा अल्लाह आहे.

दुसरे ठिकाण अधिक फसवे आहे, कारण तेथे ताटातले अन्न हलाल असते. प्रेषितांनी (स.) अज्द कबील्यातील इब्नुल लुत्बिया यांना जकात गोळा करण्याच्या कामी नेमले होते. परत आल्यावर त्यांनी हिशोब दिला, की एवढा माल तुमचा आणि एवढा मला भेट मिळाला आहे. प्रेषितांनी (स.) मिंबरवर उभे राहून विचारले की, हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? हा प्रश्न प्रत्येक व्यावसायिक मेजवानीला लावून पाहावा. बिल मंजूर करणाऱ्याला, निविदा उघडणाऱ्याला किंवा तपासणीस येणाऱ्याला दिलेली बिर्याणी कितीही उत्तम असो, त्या खुर्चीवर तो नसता तर ती त्याच्या पुढ्यात आली असती काय? उत्तर नाही असे आले, तर ते जेवण नव्हे, लाच आहे. आणि तिच्यात खाणारा व खाऊ घालणारा हे दोघेही सामील आहेत.

न बोलावलेल्याचा हक्क

ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्या वलीम्याचे अन्न सर्वांत वाईट, असे हदीसमध्ये आले आहे. येथे अन्नाचा दोष नाही. तांदूळ हलाल, मांस हलाल आणि कमाईही हलाल. दोष पाहुण्यांच्या यादीत आहे. आमंत्रणाची यादी लिहिताना आपण नगरसेवक, डॉक्टर व व्यापारी आठवून आठवून लिहितो. हातावर पोट असलेला आपलाच चुलतभाऊ, मोहल्ल्यातील विधवा आणि दुकानातील हमाल यांची नावे राहून जातात. मग उरलेले अन्न रात्री त्यांच्या घरी पोहोचविले जाते आणि आपल्याला सत्कृत्याचे समाधान वाटते. परंतु शिळेपाके दारात पोहोचविणे निराळे आणि मानाने पंगतीत बसविणे निराळे. प्रेषितांनी (स.) एका शिंप्याचे आमंत्रण स्वीकारून त्याच्या घरची जवाची भाकरी आणि दुधीभोपळ्याचा रस्सा खाल्ला होता. गरिबाचे आमंत्रण स्वीकारणे आणि गरिबाला आमंत्रण देणे, या दोन्ही गोष्टी सुन्नतशी नाते सांगतात.

मुस्लिम बंधुभगिनींनो, घरात पुढचे लग्न ठरेल तेव्हा मेनू ठरविण्याआधी यादी हाती घ्या आणि तिच्यातील पहिली दहा नावे अशा लोकांची लिहा, जे आपल्याला उलट आमंत्रण देऊ शकणार नाहीत. दस्तरखान अंथरला जाईल तेव्हा मुलांना बिस्मिल्लाह म्हणावयास अवश्य शिकवा. त्याचबरोबर सर्वांना वाढले गेले की नाही, हे मान वर करून पाहावयासही शिकवा.

अल्लाह आम्हांस हलाल रोजी देवो आणि तिच्यातील इतरांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.